हौसाबाईचा मोकळा पाळणा

हौसाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोपड्यात नाडी ओवत होते. डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, पाण्याच्या मागोमाग पहिला विचार आला तो हा, की शेळगावात मयताला किती माणसं जमली असतील. फोन करणाऱ्या बाईला मी तसं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, लई लोक, बारामतीवरनं दोन गाड्या भरून पोरी आल्या होत्या, आपापली लेकरं घेऊन. आणि मला कळलं तिसऱ्या दिवशी. झालं, जातानाही बाईनं माझा जीव जाळला.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी मंगल, कॉलनीत सगळे मंगलकाकू म्हणतात. माहेर कऱ्हाटीचं, सासर बारामतीचं. मालक गेल्यापासून शिलाई मशीन हाच माझा संसार, आणि माझी खासियत म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, मऊ लुगड्याची बाळगोधडी, बाळाच्या दोन्ही अंगाला लावायचे दोन लोड, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली छोटी उशी. माझ्या उशीची मोहरी कधी एका बाजूला सरकली नाही. सुप्यापासून इंदापूरपर्यंत लेकीचं बाळंतपण निघालं की बायका आधी माझ्याकडं यायच्या. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

आणि मग आमच्या समोरच्या घरात हौसाबाई राहायला आली. एका मोठ्या दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या खोलीत आया म्हणून तिची सगळी नोकरी झालेली. रिटायर झाल्यावर तिनं पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं. मागं एमआयडीसी, कंपनीत जाणाऱ्या सुना भरपूर. आळीतल्या दोघी-तिघींनी सुरुवातीला नाकं मुरडली. तिच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून मुरडली, हे उघड आहे, आणि त्यांच्यात मी नव्हते असं मी म्हणणार नाही. वर्षाच्या आत त्याच बायका तिच्या दारात नंबर लावून उभ्या होत्या.

दिसायला म्हणाल तर काही नाही. उंच, काटकुळी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून. साबणानं हात धुवून धुवून कातडी पांढुरकी पडलेली. आवाज बसका. अंगाई म्हणायची नाही, झोका द्यायची नाही. माझा गळा बरा आहे, भजनात मला पुढं बसवतात. मी गाऊन, झुलवून, थोपटून अर्ध्या तासात बाळ झोपवणार, आणि ही बाई नुसतं उताणं ठेवून, पोटावर हात टेकवून, "झोप आता" म्हणणार की बाळ झोपलं. याला काय म्हणावं?

तिच्या खोलीत सहा पाळणे, सगळे चार पायांवर पक्के उभे. गाद्या इतक्या कडक की त्यावर भाकरी थापावी. वर एक चादर, चारी कोपरे खाली ओढून बसवलेली. बस्स. उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही, खुळखुळा नाही. बाळं उताणी, हात डोक्याशी टाकून झोपलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते तुरुंगासारखं वाटलं, आणि मी तसं चार जणींत बोलूनही दाखवलं. तिच्या कानावर गेलं असणार.

सुरुवातीला ती लेकरांच्या आयांना सांगायची, पाळणा रिकामा ठेवा. एका आजीबाईला ते फार लागलं. ज्या घरात लेकरू गेलंय तिथला पाळणा रिकामा म्हणतात. आजी तशीच नातू उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई त्यांच्या दारात. "चुकलं माझं. पाळना मोकळा ठिवा, असं म्हनायचं हुतं." तेव्हापासून मोकळाच म्हणायची. मला हे कळलं तेव्हा मी आठवून बघितलं, आपण कधी कुणाच्या दारात जाऊन असं म्हटलंय का. नव्हतं म्हटलं. त्याचाही मला रागच आला, आणि तोही तिचाच.

दुपारी बारा ते दोन तिची खोली गप्प. टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत. ती स्टुलावर बसायची आणि बाळांकडं बघायची. नुसतं बघायची हो! ना मेथी निवडायची, ना वाती वळायच्या. माझ्या खिडकीतून समोर ती दिसायची. मला वाटायचं, एवढ्या वेळात मी चार टोपडी शिवते आणि ही बाई बसल्या बसल्या नाव कमावते. एकदा मी टोमणा मारला, की हौसाबाई, तुमचं काम बरंय, बसायचंच. ती म्हणाली, "व्हय, बसायचंच. पर हात मोकळं ठिवून." थोड्या थोड्या वेळानं उठायची, एकेकाच्या मानेखाली दोन बोटं घालून घाम आहे का बघायची. हातपाय गार लागले तरी घाबरायची नाही, मान बघायची. घाम असला की टोपडं काढायची. माझी किती टोपडी तिनं अशी काढून बाळाच्या पिशवीत घालून परत पाठवली, त्याची मोजदाद नाही.

नियम तिचे शंभर. बिडी-सिगारेट ओढून आलेल्या बापानं हात-तोंड धुऊन शर्ट बदलल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही. मग बाप कोण का असेना. न्हाऊनंतरच्या धुरीचं तर नावच नको. घरी मोठ्यांच्या खोलीत झोपवा, पण मोठ्यांच्या अंथरुणात नको. म्हाताऱ्या विचारायच्या, उताणं ठेवलं आणि ओकारी आली तर? ती शांतपणे सांगायची, उताणं बाळ मान वळवतं नाहीतर गिळतं, त्याला ते बरोबर कळतं. डोकं चपटं होईल म्हणून कुणी म्हटलं, की जागेपणी ती बाळाला सतरंजीवर पालथं घालायची आणि समोर स्वतः पालथी पडायची. साठीची बाई फरशीवर पालथी पडून तान्ह्याशी बोलतेय, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

एकदा एका बागायतदाराच्या घरून तिच्याकडं महागाचं काहीतरी आलं. मऊ, पाळण्यासारखं, सगळीकडून फुगीर, आत बाळ अर्धवट बसल्यासारखं झोपतं म्हणे. गाडीतून आणलं, पुण्यात घेतलंय म्हणून सांगितलं. हौसाबाईनं दोन्ही हातांनी घेतलं, छान हाय म्हणाली. त्यांचं बाळ मात्र तिच्या कडक गादीवर उताणंच. आठ दिवसांनी त्या घरची बाई आली तर त्या मऊ वस्तूत हौसाबाईचे कांदे पसरलेले. मी खिडकीतून बघत होते, आता जुंपणार म्हणून. ती बाई आधी लाल झाली आणि मग हसायलाच लागली, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेचं बाळही तिथंच घेऊन आली. माझ्या नशिबी असले लोक कधी आले नाहीत. माझ्याकडं एक काज वाकडं झालं तर बायका झबलं परत आणून देतात.

पण ती खऱ्या अर्थानं माझ्या डोळ्यावर आली ती एका बारशात. आळीतलंच बारसं. पाळणा फुलांनी सजवलेला, आत माझा सगळा बाळंतविडा मांडलेला. उशी, लोड, वर गोधडी, आणि मध्ये बाळ. नाव ठेवून झालं, बायका घुगऱ्या घेऊन बोलत बसल्या, आणि बाळाचा डोळा लागला. हौसाबाई उठली. पाळण्याशी गेली. एकेक वस्तू काढत गेली आणि नेमकी माझ्याच हातात देत गेली.

"धरा जरा, मंगलताई. ह्ये सगळं जागेपनी. झोपताना कायबी नगं."

मी आपली उशी, लोड, गोधडी पोटाशी धरून भर बारशात उभी. बायका बघतायत. बाळ मोकळ्या पाळण्यात ढाराढूर झोपलंय. मला तेव्हा असं वाटलं की ही गोधडी हिच्या डोक्यावरून घालावी. घरी येऊन मी जेवले नाही.

आणि मग आमच्या घरात स्वरा आली. माझ्या संदीपची मुलगी, माझी पहिली नात. सून प्राजक्ता कंपनीत, माल तपासायच्या क्वालिटी खात्यात. रजा संपत आली तसं मी मशीनजवळ जागा करून ठेवली, नातीचा पाळणा तिथं येईल म्हणून. प्राजक्ता एका संध्याकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, स्वराला समोर हौसामावशींकडं ठेवायचं ठरवलंय. "आई, तुमचं शिवणकाम असतं ना." तेवढंच. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सख्खी आजी उंबऱ्याच्या आत, आणि नात समोरच्या घरात पैसे देऊन! लोक काय म्हणतील हे सोडा, मला काय वाटलं ते माझं मला माहीत. त्या दिवसापासून मी मशीन खिडकीपासून हलवलं, समोर दिसू नये म्हणून. दोन दिवसांनी परत खिडकीशी आणलं.

महिनाभरानं एका रविवारी संदीप-प्राजक्ता इंदापूरला लग्नाला गेली. ऊन फार होतं म्हणून स्वराला माझ्याकडं ठेवलं. जाताना प्राजक्तानं चारदा सांगितलं, आई, उताणी, आणि काही ठेवू नका. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय. तेल लावलं, न्हाऊ घातलं, माझ्या हातच्या दुपट्यात हात आत घेऊन घट्ट बांधलं, कुशीवर निजवलं. डोक्याखाली मोहरीची उशी, पुढं-मागं लोड, वर गोधडी. गाणं म्हटलं. स्वरा झोपली. इतकं सुख मला कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं. मी बाहेर येऊन मशीनवर बसले.

तासाभरानं हौसाबाई ब्लाउज न्यायला आली. दारातच विचारलं, "पोरगी कुठाय?" मी म्हटलं, झोपलीय की, तास झाला, हूं का चूं नाही. जरा ठसक्यातच म्हटलं. ती म्हणाली, "मशीन थांबवा," आणि चप्पल न काढता आत गेली.

स्वरा कुशीवरून पालथी झाली होती. उशी आणि लोडाच्या बेचक्यात तिचं तोंड रुतलं होतं, गोधडी कानावरून वर आली होती, आणि हात मी बांधलेले. हौसाबाईनं तिला उताणी केली, दुपटं फराफरा सोडलं, तळपाय चोळले. ओठ जांभळट झाले होते. मी दाराची चौकट धरून उभी. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मग स्वरानं एक लांब श्वास ओढला आणि टाहो फोडला.

रिक्षा करून आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन तास ठेवून घेतलं, सगळं ठीक आहे म्हणाले, वेळेवर बघितलंत म्हणाले, आई-वडलांना सांगा म्हणाले. परत येताना रिक्षात स्वरा माझ्या मांडीवर होती. हौसाबाई बाहेर बघत बोलली.

"मी माझ्या तोंडानं सांगनार न्हाय. तुमची नात हाय. पर तुमी सांगावं."

मी सांगितलं नाही. संदीप-प्राजक्ता रात्री आली, स्वरा हसली, आणि माझी जीभ उचलली गेली नाही. प्राजक्ता पुन्हा कधी नात माझ्या हाती देणार नाही, हीच एक भीती. एक दिवस गेला, आठवडा गेला, मग ते सांगायचंच राहिलं. मी उशांच्या ऑर्डरी घेणं बंद केलं. बायकांना सांगितलं, डोळ्यांनी दिसत नाही आता. आणि हौसाबाईनं खरंच कुणाला एक शब्द सांगितला नाही. तिनं गावभर केलं असतं तर मला तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी बाराला, तिनं दारातून हाक मारली. "मंगलताई, या बसायला. हात मोकळं घिऊन या." मला वाटलं, आता ऐकवणार. तिनं दुसरं स्टूल मांडलं होतं. तीन पाळणे तिच्याकडं, तीन माझ्याकडं. माझ्या तिनांत स्वरा होती. ती मुद्दाम दिली होती हे न कळायला मी काही खुळी नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की बाळाचा श्वास बघायला किती वेळ लागतो. पोट वर, पोट खाली, मध्येच क्षणभर थांबतं, आपला जीव वर येतो, की परत सुरू. दोन तासांत मी दिवसभर शिवून दमत नाही तेवढी दमले. मग रोज जायला लागले. एवढं होऊनही, स्वरा जागी झाली की आधी हौसाबाईकडं हात पसरायची, आणि मी तशीच जळायचे.

तिनं हे सगळे नियम का चालवलेत हे मी एकदाच विचारलं. ती बाळांवरची नजर न काढता बोलली. "दवाखान्यात गोधडीत गुंडाळून आनत्यात. डॉक्टर छाती बघत्यात. आन आई म्हनती, आत्ता झोपलंय हो, उठवू नका." पुढं काही नाही. उठून मानेखाली बोटं घालत फिरली. मी पुन्हा विचारलं नाही.

स्वरा चालायला लागली त्या सुमारास हौसाबाईनं पाळणाघर बंद केलं. शेळगावात तिच्या मुलाला मुलगा झाला होता, नातू सांभाळायला जाते म्हणाली. आळीतल्या पोरी रडल्या. प्राजक्ता तर इतकी रडली की मी मेले तर एवढी रडेल का, असं मनात आलं. जाताना हौसाबाईचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हता. आता हिच्या घरचंच लेकरू, मग काय विचारता, असं मी म्हटलं.

चारेक महिन्यांनी मी एक झबलं शिवलं आणि एसटीनं शेळगावला गेले. फाट्यावरून आत डाळिंबाच्या बागेकडेला तिच्या मुलाचं घर. सून रेश्मा चांगली वागली, पाणी दिलं, चहा टाकला. हौसाबाई आतल्या खोलीत होती. तुळईला साडीची झोळी बांधलेली, झोळीत दुमडलेली गोधडी, आणि तिच्यात चार महिन्यांचा नातू वाकडा होऊन झोपलेला, हनुवटी छातीला टेकलेली. हौसाबाई शेजारी स्टुलावर. तिचं एक बोट झोळीत त्याच्या हनुवटीखाली होतं. ती ते काढत नव्हती. मला म्हणाली, "झोपला की असंच बसती मी. उठस्तोवर."

रेश्मा कप देताना म्हणाली, "आईंना सगळीकडं वाईटच दिसतं. दवाखान्यात राहून मन तसं झालंय त्यांचं. आमच्या माहेरी सगळी झोळीतच वाढली." चिडून नाही म्हणाली, समजुतीनं म्हणाली. हौसाबाईनं मान खाली घातली. सबंध बारामतीनं जिचं ऐकलं, तिचं तिच्या घरात कुणी ऐकत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण घटकाभर मला बरं वाटलं. अगदी घटकाभरच. मग माझं लक्ष त्या बोटाकडं गेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर स्वराचे ओठ आले.

मी कप खाली ठेवला आणि रेश्माला म्हटलं, बाई, मी तीस वर्षं बाळंतविडे शिवले. माझ्याच उशीत, माझ्याच गोधडीखाली माझी नात जायची राहिली. तासभर उठली नाही म्हणून मी खूश होते. ह्या तुझ्या सासूनं तिला ओढून काढली, नाहीतर आज मी तुझ्याकडं झबलं घेऊन आले नसते. मी हे अजून माझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. रेश्मा माझ्याकडं बघत राहिली, मग सासूकडं. हौसाबाईनं नुसती मान हलवली.

रेश्मानं झोळीत हात घातले आणि लेकराला उचललं. फरशीवर सतरंजी होती तिच्यावर उताणं ठेवलं. हौसाबाईनं पटकन वाकून सतरंजीच्या चुण्या ओढून सपाट केल्या. बाळानं हात डोक्याशी टाकले आणि झोपून राहिलं. रेश्मा तिथंच भिंतीला टेकून बसली, त्याच्या पोटाकडं बघत.

हौसाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आता हात धरेल, काहीतरी गोड बोलेल. एसटी लांबून दिसली तेव्हा बोलली.

"माझं चार म्हयनं ऐकलं न्हाय तिनं. तुमचं एका कपात ऐकलं."

तिचं तोंड कडू झालेलं. बघितल्याबरोबर मी ते ओळखलं. इतकी वर्षं तिच्याकडं बघताना माझं तसंच व्हायचं. गाडीत चढताना ती मागून म्हणाली, आता घरीबी सांगा, आणि गाडी सुटायची वाट न बघता वळली. नातू झोपला होता ना. पदर खोचत, जवळजवळ पळतच ती बागेच्या वाटेनं गेली. मागं वळून बघितलं नाही. तेच तिचं शेवटचं दिसणं.

मी खिडकीशी बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, आणि तेव्हाही जळले. तिला घरी जाऊन नातवाजवळ बसायचं होतं. मला घरी जाऊन प्राजक्ताला सांगायचं होतं.